आमच्या माडीवरील बिनतारी केंद्र

एकत्र कुटुंबांत एखादी नवी वस्तु उंबरठ्याच्या आंत यावयाची म्हणजे तिला आधीं घरांतील प्रत्येकाच्या जिभेवरून जावें लागतें. आमच्या घरीं शिवणयंत्र आलें तेव्हां तेंच झालें, दूरचित्रवाणी आली तेव्हां तेंच झालें, आणि इंटरनेटची तार आली तेव्हांहि तेंच झालें. सबब, गेल्या तीन वर्षांत आमच्या माडीवर जें बिनतारी केंद्र उभें राहिलें, त्याची हकीकत सांगतांना त्यास झालेल्या विरोधापासूनच आरंभ करणें न्याय्य होईल.

आमचें गांव हिवरखेड. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें. उत्तरेस मेळघाटचें अरण्य, दक्षिणेस कपाशीची काळी जमीन. अकोल्याहून खंडव्यास जाणारी मीटरगेज आगगाडी आमच्या गांवावरून पुढें वान रोड, धुळघाट करीत सातपुडा चढत असे. तीहि २०१७ पर्यंत बंद पडली. घरांत आम्ही लहानमोठीं अकरा माणसें. थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते एकोणऐंशी वर्षांचे असून तारखात्यांतून निवृत्त झालेले. पांच वर्षांपूर्वीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि पूर्णपणें नेली. तेव्हांपासून माजघराला लागून असलेल्या खोलींत ते खाटेवर बसून असत. जेवणास हांक मारली तर येत, विचारलें तर उत्तर देत. आपण होऊन बोलणें मात्र त्यांनीं जवळजवळ सोडलेंच होतें. ज्या माणसानें घराचा सर्व व्यवहार पस्तीस वर्षें एकहातीं सांभाळला, त्याचें असें मौन घरांत फार जड वाटतें, हें ज्यांनीं अनुभविलें असेल त्यांस सांगावयास नको.

आमचा नातू त्या वेळीं आठवींत होता. कोठल्याशा विज्ञानप्रदर्शनांत त्यानें हौशी बिनतारीवाल्यांचा संच पाहिला आणि घरीं येऊन आम्हांस म्हणाला, “आजोबा, आपणहि माडीवर रेडिओचें केंद्र काढूं या. तें इंटरनेटला जोडलें कीं जपानच्या माणसाशींसुद्धां बोलतां येतें.”

ओसरीवर सभा भरली. सूनबाईंनीं अभ्यासाचा प्रश्न काढला. वहिनींना गच्चीवर उंच लोखंडी खांब म्हणजे विजेला घरीं आमंत्रण वाटलें. आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, खिशांतल्या मोबाइलवर चित्रासह फुकट बोलतां येतें; मग हा खटाटोप कशासाठीं?” आणि दादा, जे सहसा कशांत पडत नसत, ते आंतून म्हणाले, “ज्या तारेला सरकारनें २०१३ सालीं कुलूप लावलें, तिचें दुकान तुम्ही माडीवर उघडणार काय?” जुलै २०१३ मध्यें देशांतील तारसेवा बंद झाली, ती त्यांच्या मनांतून गेलेली नव्हती.

चिरंजीवांचा प्रश्न खरा होता, व त्याचें उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं. आज देतां येतें. टेलिफोनवर आपण ओळखीच्या माणसास हांक मारतों. बिनतारीवर आपण दाही दिशांस हांक मारतों, आणि जो कोणी जागा असेल तो ओ देतो. दुसरें असें कीं, मोबाइल आपल्या हातांत असला तरी त्याचें चालणें दुसऱ्याच्या हातांत असतें. येथें तार, खांब, वीज व विद्या हीं चारहि आपलीं असावीं लागतात.

आतां ज्यांस या छंदाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. हौशी बिनतारी म्हणजे आकाशवाणी नव्हे. तींत गाणीं लावावयाचीं नसतात, जाहिरात करावयाची नसते, व्यापार करावयाचा नसतो. शिकणें, प्रयोग करणें व परस्परांशीं संपर्क ठेवणें एवढ्याचसाठीं सरकार कांहीं लहरींचे पट्टे या मंडळींस मोकळे ठेवतें. आपल्या देशांत यासाठीं १९७८ चे नियम झाले. परीक्षा व परवाना यांचें काम दिल्लीच्या दूरसंचार विभागाची ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ शाखा पाहूं लागली. बारा वर्षें पुरीं झालेल्या मुलासहि परीक्षेस बसतां येतें. उत्तीर्ण झाल्यावर प्रत्येकास स्वतंत्र संकेतनाम मिळतें; भारतांतील नांवें ‘व्हीयू’ या अक्षरांनीं सुरू होतात. माणसाचें गोत्र विचारावें तसें येथें संकेतनाम विचारतात, आणि एकाचें नांव दुसऱ्या कोणासहि मिळत नाहीं.

या विद्येचा इतिहास आपणांस परका नाहीं. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास बिनतारी लहरींनीं घंटा वाजवून दाखविली. १९२१ सालीं त्याच शहरीं अमरेंद्रचंद्र गुप्तू हे भारतांतील पहिले परवानाधारक हौशी बिनतारीवाले झाले. महाराष्ट्रांत १९२७ सालीं इंग्लंडशीं बिनतारी तारव्यवहार सुरू झाला, तो पुण्याजवळच्या खडकीच्या प्रक्षेपणकेंद्रावरून व दौंडच्या ग्रहणकेंद्रावरून. १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच हौशी मंडळींचे परवाने सरकारनें थांबविले. आणि त्या बंदीच्याच काळांत, १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, मुंबईंत घरें बदलीत बदलीत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. त्याचा प्रक्षेपक अशाच एका हौशी जाणकाराच्या हातचा होता. उषाताईंस चार वर्षांची शिक्षा झाली. लहानशा खोलींतील लहानसें यंत्र केवढें काम करूं शकतें, याचा हा दाखला घराघरांतील मुलांस सांगण्याजोगा आहे.

अलीकडच्या काळांतील गोष्टीहि थोड्या नाहींत. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद या बाई हौशी केंद्र चालविण्यासाठीं अंदमानांत गेल्या होत्या. २६ तारखेस त्सुनामी आली, इतर संपर्क तुटले, आणि त्यांच्या संचावरून बेटांची खबर बाहेर येऊं लागली. ५ मे २००५ रोजीं आपल्या इस्रोनें ‘हॅमसॅट’ हा खास या मंडळींसाठीं बनविलेला उपग्रह सोडला. त्यांतील एक यंत्र भारतीय, तर दुसरें एका डच विद्यार्थ्यानें केलेलें होतें. आणि २२ जून २०१६ रोजीं पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः बनविलेला, सुमारें एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह अंतराळांत गेला. हौशी बिनतारीवाल्यांचे निरोप एका जागेवरून दुसऱ्या जागीं पोंचविणें हेंच त्याचें काम. शनिवारवाड्यापासून हांकेच्या अंतरावर शिकणाऱ्या पोरांनीं आकाशांत जासूद ठेवावा, हें वाचून आम्हांस तरी मोठें समाधान वाटलें.

एवढा पूर्वपक्ष-उत्तरपक्ष झाल्यावर सभेनें असा निकाल दिला कीं, परीक्षा नातवानें एकट्यानें न देतां आम्हीं त्याच्याबरोबर द्यावी. म्हणजे त्याचा अभ्यासहि बुडणार नाहीं आणि आमचा उत्साह किती दिवस टिकतो तेंहि दिसेल. जन्मभर मुलांची परीक्षा घेतली. आतां मुलाबरोबर परीक्षेस बसण्याची पाळी आली.

विद्युत्शास्त्र व नियम यांचा अभ्यास पुस्तकांवरून झाला. अडलें तें मोर्सपाशीं. वरच्या श्रेणीच्या परीक्षेस आम्ही बसलों तेव्हां मिनिटास आठ शब्द या वेगानें मोर्स घेण्याची व देण्याची कसोटी होती. आखूड नाद व लांब नाद एवढ्यांवरच सारी अक्षरें. परंतु तीं पाठ करूं लागलों कीं एकांत एक मिसळत. एके रात्रीं अक्षरांचा तक्ता पुढें घेऊन बसलों असतां एकाएकीं आमच्या लक्षांत आलें कीं, हे तर लघु आणि गुरु आहेत! तीन नादांचीं जीं आठ अक्षरें मोर्समध्यें आहेत, ते आपल्या छंदःशास्त्रांतील आठ गणच होत. ‘डब्ल्यू’ म्हणजे लघु-गुरु-गुरु, अर्थात् यगण. ‘ओ’ हा मगण, ‘जी’ हा तगण, ‘के’ हा रगण, ‘आर’ हा जगण, ‘डी’ हा भगण, ‘एस’ हा नगण आणि ‘यू’ हा सगण. एकहि गण उरत नाहीं आणि एकहि अक्षर वगळावें लागत नाहीं. संकटाची जगप्रसिद्ध हांक जी ‘एसओएस’, ती म्हणजे नगण, मगण, नगण. भेद एवढाच कीं आपला गुरु दोन मात्रांचा, तर मोर्सचा लांब नाद आखूड नादाच्या तिप्पट. दोन चिन्हांच्या सर्व रचना क्रमानें मांडण्याची प्रस्ताराची रीत पिंगलाच्या छंदःसूत्रांत आहे. म्हणजे आम्ही चाळीस वर्षें जें फळ्यावर शिकवीत आलों, तेंच येथें निराळ्या वेषानें भेटलें होतें.

या युक्तीनें आमचें काम सोपें झालें. नातवाचें मात्र होईना. त्यास अक्षरें येत, पण हाताला लय नव्हती. एका संध्याकाळीं तो माजघरांत सरावाच्या यंत्रावर ठोकत बसला असतां आंतल्या खोलींतून दादांचा आवाज आला, “दीर्घ तुटतो आहे. आणि दोन अक्षरांमध्यें श्वास घे.”

आम्ही सर्व क्षणभर स्तब्ध झालों. नातू यंत्र घेऊन त्यांच्या खाटेशीं गेला. दादांनीं चाचपून किल्ली हातांत घेतली, मनगट सैल सोडलें, आणि असा कांहीं ठेका धरला कीं यंत्र जणूं बोलूं लागलें. ते म्हणाले, “आमच्या वेळीं कडकट्ट ऐकूं येई, नुसते ठोके. दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून लघु कीं दीर्घ तें ओळखावयाचें. हा तर सूर आहे. फार सोपें आहे.” त्या दिवसापासून रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास त्यांची शिकवणी सुरू झाली. वर्तमानपत्रांतील मजकूर नातवानें मोर्समध्यें वाजवावयाचा व दादांनीं तो ऐकून मराठींत अर्थ सांगावयाचा, असा तो पाठ असे. वर्तमानपत्र वाचून दाखवूं काय असें आम्हीं पूर्वीं शंभरदां विचारलें होतें. ते नको म्हणत. आतां इंग्रजी वर्तमानपत्राचा मथळा त्यांना रोज पाहिजे असे.

आम्ही दोघेहि उत्तीर्ण झालों. परवाने हातीं येण्यास दिवस लागले, परंतु नियमाच्या वाटेनें जाणाऱ्यानें त्याची तयारी ठेवावी. परवान्याशिवाय एक शब्दहि लहरींवर सोडणें हा गुन्हा आहे, हें मुलांच्या मनावर आरंभींच ठसविलें पाहिजे.

आतां केंद्राच्या उभारणीविषयीं. प्रथम विचार एरियलचा. आम्हीं दोन बांधिलीं. एक गांवच्या परिसरासाठीं, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचें. या लहरीची लांबी सुमारें दोन मीटर. म्हणून तिचा चतुर्थांश, म्हणजे जवळजवळ ४९ सेंटिमीटरची एक उभी कांडी आणि तिच्या बुडाशीं खालीं झुकणाऱ्या तेवढ्याच चार कांड्या, एवढ्यानें काम भागतें. दुसरें एरियल ७ मेगाहर्ट्झसाठीं, सुमारें दहा-दहा मीटरच्या दोन तांब्याच्या तारांचें. त्याचें एक टोंक गच्चीवरील खांबास व दुसरें परसांतल्या कडुलिंबास बांधलें. पहिल्या पट्ट्याच्या लहरी जवळजवळ दृष्टीप्रमाणें सरळ जातात. जमिनीपासून ९ मीटर उंचीचें एरियल आणि हातांत संच घेऊन उभा असलेला माणूस यांच्यामध्यें सपाट प्रदेशांत साधारण १७ किलोमीटरपर्यंत त्यांची धांव. उत्तरेस तर सातपुडाच आडवा. याउलट ७ मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवर आपटून परत येतात, त्यामुळें त्यांना डोंगराची अडचण नाहीं आणि शेंकडों किलोमीटर त्या सहज जातात.

वहिनींची विजेची शंका आम्हीं हंसण्यावारी नेली नाहीं, आणि कोणींहि नेऊं नये. खांबाला जाड तांब्याची पट्टी जोडून ती कोळसा व मीठ भरलेल्या स्वतंत्र खड्ड्यांत पुरली आहे. एरियलच्या तारेवर वीजरोधक बसविला आहे. त्याहून मोठी खबरदारी म्हणजे ढग गडगडूं लागतांच तार संचापासून काढून बाहेर टाकावयाची. हें काम वहिनींनीं आपण होऊन अंगावर घेतलें असून त्यांच्याइतकी दक्षता आमच्यानें होणार नाहीं. संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि बॅटरी गच्चीवरील सौरतावदानावर भरली जाते; उन्हाळ्यांत आमच्या वऱ्हाडास उन्हाची वाण नाहीं.

राहिला इंटरनेटचा दुवा, ज्याच्या ओढीनें नातू या मार्गास लागला. त्याचें तत्त्व असें. गांवांतील परवानाधारकानें हातांतल्या संचावर बोललेला शब्द माडीवरचा संच ग्रहण करतो. तो आवाज तारेनें एका लहान संगणकांत जातो. हा संगणक पत्त्यांच्या जोडाएवढा असला तरी पुरतो. संगणक त्या आवाजाचे अंक करतो, ते आटवून लहान लहान पुडक्यांत बांधतो व इंटरनेटवरून दुसऱ्या केंद्राकडे धाडतो. तेथील संगणक पुडकीं सोडून पुन्हां आवाज करतो आणि तेथील रेडिओ-संच तो हवेंत सोडतो. म्हणजे दोहों टोंकांस बिनतारी आणि मध्यें तार. संच व संगणक यांच्यामध्यें तीनच जोड लागतात: ऐकण्याचा, बोलण्याचा व प्रक्षेपण चालू-बंद करण्याचा.

ही कल्पना व्हॅन्कूव्हरच्या डेव्हिड कॅमेरॉन यांनीं १९९७ मध्यें ‘आयआरएलपी’ या नांवानें प्रत्यक्षांत आणली. तींत केंद्रांत शिरण्याची वाट फक्त रेडिओवरूनच ठेविली. २००२ मध्यें अमेरिकेचे जोनाथन टेलर यांनीं ‘इकोलिंक’ काढलें; तींत संगणकावरून किंवा मोबाइलवरूनहि शिरतां येतें, मात्र आपण परवानाधारक आहों याचा पुरावा आधीं द्यावा लागतो. जपानच्या हौशी मंडळींच्या संघानें ‘डी-स्टार’ ही अंकीय पद्धति वाढविली. आम्हीं इकोलिंक निवडलें. त्यासाठीं घरच्या राउटरमध्यें ५१९८ व ५१९९ हे दोन दरवाजे उघडावे लागतात आणि ५२०० या दरवाजानें बाहेर जातां आलें पाहिजे. ज्यांच्या इंटरनेट-कंपनीस हें मानवत नाहीं, त्यांनीं मध्यस्थ संगणकाची वाट धरावी. प्रक्षेपणाची शक्ति कमींत कमी ठेवावी, कारण असा संच लागोपाठ बोलत राहिल्यानें तापतो. एखादें प्रक्षेपण चुकून चालूच राहिलें तर ठराविक वेळानें आपोआप बंद व्हावें, अशी योजना अवश्य करावी. आणि सर्वांत आधीं, आपल्या परवान्याच्या अटी नीट वाचाव्या व दुव्याविषयीं परवाना देणाऱ्या कार्यालयास लेखी विचारावें. आम्हीं तसें केलें व उत्तर हातीं पडेपर्यंत दुव्याला हात लावला नाहीं.

पहिल्या दिवशीं आमच्या संचावरून जपानमधील एका वृद्ध गृहस्थाचा आवाज इतका स्वच्छ आला कीं सूनबाई पोळ्या टाकून जिना चढून आल्या. नातवास आकाश ठेंगणें झालें. त्यानंतर नागपूरचे एक परवानाधारक गृहस्थ रोज संध्याकाळीं सात वाजतां दुव्यावर भेटूं लागले.

या व्यवहाराचा एक नियम आम्हांस फार आवडला. एका वेळीं एकच बोलूं शकतो. जो बोलत आहे त्याचें ‘ओव्हर’ होईपर्यंत दुसऱ्यानें तोंड उघडावयाचें नाहीं. आणि त्यानंतरहि दोन क्षण थांबावयाचें, कारण त्या फटींतून एखाद्या तिसऱ्या, कदाचित् अडचणींत असलेल्या माणसास आंत येतां यावें. अकरा माणसांच्या घरांत हा नियम ओसरीवरहि लागू करावा, असें आमच्या मनांत आलें. तो पूर्णपणें लागू झाला आहे असें म्हणणार नाहीं. परंतु कोणी मध्येंच बोललें तर मुलें आतां “ओव्हर झालें नाहीं” म्हणून मोठ्यांनासुद्धां थांबवितात.

दादा मात्र दुव्यावर फारसे रमत नसत. “हें बोलणें तारेनेंच येतें आहे, नुसतें दोन्हीकडे पागोटें बिनतारीचें,” असें ते म्हणत. आम्हीं त्यावर वाद घातला होता. गेल्या जुलैंतील एका प्रसंगानें मात्र आम्हां दोघांसहि आपापलें म्हणणें तपासून घ्यावें लागलें.

दोन दिवस संततधार होती. पहिल्या रात्रींच वीज गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोबाइलचा मनोरा मुका झाला, आणि रस्त्याकडेचें एक झाड कोसळून इंटरनेटची तारहि तुटली. ज्या दुव्यावरून जपान हांकेच्या अंतरावर आलें होतें, त्यावरून आतां अकोटहि ऐकूं येईना. नातू हिरमुसून बसला. गडगडाट थांबल्याची खात्री करून दुपारीं चारच्या सुमारास वहिनींनीं एरियलची तार पुन्हां जोडूं दिली, आणि आम्हीं बॅटरीवर ७ मेगाहर्ट्झचा संच लावला. दूरच्या विजांची नुसती खरखर. नातवानें तोंडानें दोन-चार हांका मारल्या, उत्तरादाखल खरखरच. तो संच बंद करणार, तोंच दादा म्हणाले, “थांब. कोणी बोलावतें आहे.”

आम्हां दोघांस कांहींच ऐकूं येत नव्हतें. दादांना त्या दिवशीं मुद्दाम माडीवर आणून बसविलें होतें. त्यांनीं मान खालीं घातली, आणि त्यांचें बोट खाटेच्या कडेवर हळूहळू ठोके देऊं लागलें. एकेक अक्षर ते मोठ्यानें सांगत गेले व आम्ही कागदावर उतरीत गेलों. संकेतनाम पुरें झालें तेव्हां नातू उडालाच. तें आमचेंच होतें. मागून हांक मारणाऱ्याचें नांव आलें: नागपूरचे गृहस्थ. संध्याकाळच्या दुव्यावर आम्ही भेटलों नाहीं, टेलिफोन लागेना, तेव्हां सकाळपासून दर तासाला ते मोर्सवर आम्हांस शोधीत होते. मानवी आवाज लहरींचा रुंद पट्टा अडवितो आणि खरखरींत विरून जातो. मोर्सचा एकच सूर अरुंद वाटेनें जातो, म्हणून तो टिकतो. परंतु त्या खरखरींतून तो सूर वेंचण्यास कान पाहिजे, आणि तो कान आमच्या घरांत एकच होता.

नातवानें किल्ली दादांच्या हातीं दिली. “मोठे आजोबा, तुम्हीच द्या उत्तर. तुमचा हात चांगला आहे.”

दादांनीं किल्लीवर बोट ठेविलें. त्यांच्या तोंडाकडे पाहून आम्हांस भडभडून आलें. चाळीस वर्षें ज्या हातानें लोकांचे जन्ममृत्यु पोंचविले, त्या हातास त्या क्षणीं काय वाटत असेल! परंतु दुसऱ्याच क्षणीं त्यांनीं किल्ली पुन्हां नातवापुढें सारली. “परवाना तुझ्या नांवाचा आहे, बाळ. हातहि तुझाच पाहिजे. मी सांगतों, तूं दे. घाई करूं नकोस. दीर्घ तुटूं देऊं नकोस.”

नातवानें उत्तर दिलें. एकहि दीर्घ तुटला नाहीं. दादा ऐकत होते, आम्ही लिहीत होतों, आणि पंधरा मिनिटांत नागपूरकरांस कळलें कीं हिवरखेडास वीज नाहीं, टेलिफोन नाहीं, परंतु घरचीं सर्व माणसें सुखरूप आहेत. शेवटीं पलीकडून प्रश्न आला कीं, ग्रहण करणारा कोण आहे, फार अनुभवी दिसतो. दादांनीं तो प्रश्न आम्हांस मराठींत सांगितला नाहीं. त्यांचें बोट मात्र कडेवर ठोकावयाचें थांबलें. तो आम्हांस कळला नातवाकडून, कारण तेवढें वाक्य त्यानें स्वतः ऐकलें होतें.

आमच्या भागांत वान धरणाच्या नळयोजनेचें पाणी गांवोगांव गेलें आहे, आणि खारपाणपट्ट्यांतील लोकांस त्याचें मोल विचारावें. तरीहि ज्याच्या परसांत गोड्या पाण्याची विहीर आहे, त्यानें नळ आला म्हणून ती बुजवूं नये. इंटरनेटचा दुवा हा नळ आहे: दूरचें पाणी, सोयीचें पाणी. ७ मेगाहर्ट्झची तार आणि मोर्स ही घरची विहीर आहे: शेंदण्यास कष्ट पडतात, पण जलवाहिनी फुटली त्या दिवशीं घर तहानेलें राहत नाहीं. ज्या वाचकांस घरीं केंद्र काढावयाचें असेल, त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, दुवा अवश्य जोडावा. परंतु आधीं विहीर खणावी. परीक्षा द्यावी, एरियल स्वतः बांधावें, मोर्स शिकावा, मग इंटरनेटकडे वळावें. आणि घरांत एखादें वृद्ध माणूस मुकाट बसून असेल, तर त्याच्या जुन्या विद्येची या नव्या यंत्रास कोठें गरज आहे काय, हें एकदां पाहावें.

हल्लीं संध्याकाळीं सात वाजतां दादा काठी घेऊन, कोणाचा हात न धरतां, माडीचा जिना चढतात. आधीं नातवाचा जपान होतो, मग दादांचा मोर्स. चिरंजीव कचेरींतून आले कीं तेहि वर येऊन बसतात. हा खटाटोप कशासाठीं, हें त्यांनीं पुन्हां विचारलें नाहीं. दादा ऐकूं लागले म्हणजे अकरा माणसांच्या घरांत कोणी बोलत नाहीं.